सहा महिन्यांचा कोरडा दिवस

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या बरण्यांशेजारी काही वर्षं आणखी काही बरण्या असायच्या. तोंडाला मच्छरदाणीचं कापड, त्यावर रबर, आत बोटभर पाणी आणि पाण्यात वळवळ. पाहुणे आले की मी त्या उचलून फ्रीजमागे लपवायची आणि नवरा त्या मुद्दाम पुढे आणून दाखवायचा. "लोक डास मारायची रॅकेट विकत आणतात, आमच्याकडे डासांची बालवाडी चालते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाहुणा मग चहा पिण्याआधी कपात नीट डोकावून बघायचा.

मी धारूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नोकरीत मुरल्यावर आणि मुलं शिकायला बाहेर पडल्यावर मला पीएच.डी. करायची हुक्की आली आणि विषय घेतला डेंग्यूच्या डासाचा. हा डास मला आधीपासून आवडायचा. आवडायचा म्हटलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात, पण काय करणार, आवडायचा. गटारीकडे पाठ फिरवून तो थेट आपल्या स्वच्छ पाण्याकडे येतो. भर दिवसा चावतो. काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, अगदी निवडून नेसल्यासारखे. आणि आमच्या भागात तर त्याच्यासाठी घरोघर पंगत मांडलेली. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसला की माणूस हाताला लागेल त्यात पाणी भरून ठेवतो. ड्रम, टाकी, हंडे, रांजण, मोडक्या कूलरचा टबसुद्धा.

धारूरचा घाट उतरल्यावर एक गाव लागतं. माझं काम तिथे सुरू झालं. गावाच्या वरच्या अंगाला ऊसतोडीला जाणाऱ्यांची आळी आहे. दिवाळीच्या मागेपुढे नवरा-बायकोची जोडी भांडीकुंडी, पत्रे, कोंबड्या घेऊन ट्रॅक्टरवर चढते आणि साखर कारखान्याच्या शिवारात जाऊन राहते. गुढीपाडव्याच्या आसपास परत येते. मधले सहा महिने आळीत म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं एवढंच असतं.

त्या गावात दोन-तीन उन्हाळे सारखा डेंग्यू निघत होता. पावसाळ्यात निघाला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. हा निघायचा ऐन चैत्र-वैशाखात, रस्त्यावर थुंकी पडली तरी वाळते अशा दिवसांत. आणि दर वेळी पहिला पेशंट वरच्या आळीतला. गावाने त्याचा निकाल केव्हाच लावून टाकला होता. हे लोक उसाच्या फडातून ताप घेऊन येतात, संपला विषय. माझा विषय मात्र तिथे संपत नव्हता. उन्हाने सगळं करपलेलं असताना इतके डास अचानक येतात कुठून?

भाद्रपदात आरोग्य खात्याच्या मंडळींनी मारुतीच्या देवळापुढे बायकांची बैठक घेतली. मीही जाऊन बसले. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असं त्यांच्यातल्या एक ताई सांगत होत्या. त्या दिवशी घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, वाळवायची आणि मग भरायची. हे ऐकता ऐकता मागच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली.

"आटवड्यातून एक दिस?" ती म्हणाली. "आमी सहा म्हैने कोरडा पाळतो की! दिवाळीला रांजन उपसून, फडक्यानं टिपून जातो ते पाडव्यालाच पानी बगतो. मग ताप आमच्याच आळीत कावून येतो, ते सांगा आदी."

सगळ्या बायका हसल्या. सांगणाऱ्या ताईही हसल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. मला हसू आलं नाही. तो 'कावून' माझ्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला. जिल्ह्यात सगळ्यात मोठा कोरडा दिवस ज्या आळीत पाळला जातो, तिथेच डेंग्यू आधी का यावा? इतका सरळ प्रश्न मला इतकी पुस्तकं वाचून पडला नव्हता, याचा थोडा रागही आला.

बैठक मोडल्यावर मी तिला गाठलं. वयाने माझ्याएवढीच. बोलताना भांडतेय असं वाटायचं, पण बोलणंच तसं. तिने मला घरी नेलं, चहा टाकला आणि रांजण दाखवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अर्धा जमिनीत पुरलेला, मोठा, काळपट. तिच्या सासूच्या वेळचा.

"आतून घासता का?" मी विचारलं.

"आतून?" तिने कानाला हात लावले. "सासूनं कदी बोट लावू दिलं न्हाई. आतून घासला की पानी गार पडत न्हाई. भायेरून किती बी घासा."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मातीच्या भांड्याची बारीक छिद्रं खरवडून बुजतात, म्हणून असेल. खरं असेल किंवा नसेलही. मी ते डोक्यात ठेवून दिलं.

चहा पिता पिता तिची खरी अडचण कळली. तिची एकुलती लेक आष्टीकडे दिली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातव्या महिन्यात आणायचं, पण तेव्हा आई उसात. म्हणून पाडव्यानंतर नवव्यात आणायचं ठरलं होतं. आणि आता विहीणबाईंनी निरोप धाडला होता, की पोरीला तापाच्या आळीत पाठवणार नाही, बाळंतपण आम्हीच करू. विहीणबाईंना दोष द्यावा अशी सोय नव्हती. गेल्या उन्हाळ्यात या बाईचा मुलगा डेंग्यूने अंबाजोगाईच्या दवाखान्यात पडून होता. तो वाचला, पण त्याला बघायला विहीणबाई आल्या होत्या. सुया लावलेला, ओठ सुकलेला तो मुलगा त्यांनी बघितला होता.

"लग्नात तिला काय दिलं न्हाई आमी, म्याडम," ती म्हणाली. "ऊस तोडनारं मानूस काय देनार? एवडं बाळंतपन तरी हातानं करावं म्हनलं. तिला न्हाऊ घालावं, शेक द्यावा. ते बी आता त्या ताब्यात घेनार."

मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "तुमी शिकल्याल्या हाव ना? काडा शोदून. पाडव्याच्या आत काडा."

मी "काढते" म्हणाले. असं हो म्हणण्याची मला वाईट खोड आहे. समोर चांगला प्रश्न आला की मी तो कुणाचा आहे आणि उत्तराने काय होईल याचा विचार करत नाही, आधी पदर खोचते.

माघात मी पुन्हा त्या गावी गेले. आळी कुलूपबंद होती. बाईचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, शेळ्यांजवळ ऊन खात बसले होते. किल्ली त्यांच्या करगोट्याला. त्यांनी कुलूप काढलं आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"सुका रांजन बगायला धारूरवरून आलाव?" त्यांनी विचारलं.

"हो."

"भरल्यावर या की. गार पानी तरी प्याल."

मी रांजणात डोकं घातलं. आतून कोरड्या मातीचा वास आला. तळाला धूळ, एक मेलेली पाल आणि कोळ्याचं जाळं. बाई खरंच बोलत होती, थेंबभर ओल कुठे नव्हती. पण डेंग्यूच्या डासाची मादी पाण्यात अंडी घालत नाही. ती पाण्याच्या काठाला, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. बारीक कुटलेल्या मिरीएवढी काळी अंडी, आणि भिंतही काळी. डोळ्यांना काय दिसणार? तळ टिपून घेतला तरी भिंत कोण टिपतंय? मी जुन्या टूथब्रशने रांजणाची आतली भिंत वरपासून खालपर्यंत खरवडली आणि पडलेली भुकटी पांढऱ्या फडक्यात धरली. आळीतल्या ज्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या तिथेही तेच केलं. आबा प्रत्येक घरी सोबत आले. शेवटी म्हणाले, "बाई, तुमाला घरी काम न्हाई का?"

घरी येऊन मी फडकी बरण्यांत पाण्यात बुडवली, ताजी अंडी लगेच फुटतात त्या हिशेबाने बसून राहिले, आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आपण मोठ्या थाटात धूळ गोळा करून आणली, असं वाटून माझं डोकं फिरलं. मी पाणी ओतून दिलं, फडकी खिडकीच्या कट्ट्यावर फेकली आणि नवऱ्यावर विनाकारण खेकसले. फडकी तिथेच वाळून कडक झाली.

आठवड्याने ती टाकून द्यायला उचलली आणि हात थांबला. का थांबला ते नीट सांगता येत नाही. अभ्यास करताना कुठेतरी वाचलं होतं, की या डासाची सगळी अंडी एकाच पाण्यात फुटत नाहीत, काही मागे राहतात. मी ती पुन्हा पाण्यात टाकली. या वेळी पाणी उकळून गार केलेलं घेतलं, कारण त्यात हवा कमी असते आणि अंड्यांना त्यावरून पाणी साठलेलं, स्थिर आहे असं वाटतं. संध्याकाळी कणीक मळता मळता सहज बघितलं तर पाण्यात बारीक दोऱ्याचे तुकडे तडफडत होते.

मी कणकेच्या हातांनीच बरणी उचलली. नवऱ्याला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता म्हणाला, "ही सहा महिने सुकी होती?"

"चारेक महिने. पण हो."

"आणि पहिल्या पाण्याला फसली नाहीत?"

त्याने ते चांगलं पकडलं होतं. पहिलं पाणी आलं तरी सगळ्यांनी उठून धावायचं नाही, काहींनी दुसऱ्या पाण्याची वाट बघायची, हे त्या अंड्यांत मुळातच असतं. पाऊस दगा देतो अशा मुलखात याहून शहाणपणाची पेरणी कुठली? माणसांना हे जमत नाही, पहिल्या सरीला बी टाकून मोकळे होतात. मला त्या किड्यांचं इतकं कौतुक वाटलं की रात्रीच्या भाकऱ्या करपल्या.

अळ्या मोठ्या केल्या, कोष झाले, डास झाले. जाळीवर बसल्यावर भिंगातून बघितलं. काळे पाय, पांढरे पट्टे. शंकाच नव्हती.

आनंद ओसरल्यावर लक्षात आलं की आपण काय शोधून काढलंय. आळीतल्या इतर घरांसारखेच डास बाईच्याही रांजणात होते. सासूने घासू न दिलेल्या, तिने फडक्याने टिपून ठेवलेल्या रांजणात. तिने मला उत्तर शोधायला सांगितलं ते लेकीला घरी आणता यावं म्हणून, आणि मी हे घेऊन तिच्या दारात जाणार होते.

पाडव्याच्या दोन दिवस आधी ट्रॅक्टर परत आले. मी गेले तेव्हा बाई ओसरीत बोचकी सोडत होती. उन्हाने रापलेली, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. मागे राहिलेल्या अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या अळ्यांची बरणी मी पुढे केली आणि सांगितलं.

"माझ्या रांजनात?" ती म्हणाली. "म्या टिपून गेलते. आबा, टिपला हुता का न्हाई?"

"टिपला हुता," आबा म्हणाले.

"तळ टिपला होता. हे भिंतीला चिकटलेलं असतं. सुकलं तरी मरत नाही, पाण्याची वाट बघत राहतं."

तिने बरणी हातात घेऊन उजेडाकडे धरली. बराच वेळ बघितलं. मग बरणी माझ्या हातात ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "गावाला सांगू नका, म्याडम. म्हनतील, बगा, यांच्याच घरात किडं. आन विहीनबाईला कळलं तर संपलंच."

मला वाईट वाटलं. आणि तेवढीच उत्सुकताही वाटली, हेही खरं. कारण माझ्या डोक्यात दुसरा 'कावून' तयार झाला होता. डास फक्त याच आळीत आहेत की सगळीकडे? मी तिला म्हटलं, "आजचा दिवस थांबा. खालचं गाव बघून येते."

खालच्या गावात मी दुपारभर फिरले. तिथे कुणी उसाला जात नाही, घरं बारा महिने भरलेली. एका मोठ्या घराच्या अंगणात सिमेंटचा हौद होता, कधीच पूर्ण रिकामा न होणारा. मी बॅटरी मारली तर आत अळ्यांची जत्रा भरलेली. घरमालक मला म्हणाले, "वरच्या आळीत बघा मॅडम, सगळं तिकडून येतंय." मी त्यांच्या हौदातलं पाणी त्यांच्याच पेल्यात काढून दाखवलं. ते म्हणाले, "हे पाण्यातले किडे. पाणी चांगलं असलं की होतात." खालच्या गावात जवळजवळ प्रत्येक दारी हेच.

मग ताप वर आधी का? याचं उत्तर मला बाईच्या ओसरीत परत येऊन बसल्यावर सापडलं, आणि तेही बोलता बोलता. मी विचारलं, रांजण कधी भरणार? ती म्हणाली, "टँकर येईल परवा. आक्की आळी एकाच दिशी भरती की."

अख्खी आळी एकाच दिवशी. खालच्या गावात डास थोडे थोडे, वर्षभर निघत राहतात. इथे सहा महिने वाळलेली सगळ्या घरांची अंडी एकाच टँकरच्या पाण्याने एकदम जागी होतात. आठ-दहा दिवसांत आळीभर डासच डास. त्यात एखाद्या माणसाच्या अंगात ताप असला की झालं. ते माणूस उसातून आलेलं असेल, पुण्याहून सुट्टीला आलेलं असेल किंवा आठवडी बाजारातून परतलेलं. डास घरचा आणि ताप पाहुणा, दोघांची गाठ पडली की आजार. तापाला कुणी आणलं हे मी आजही सांगू शकत नाही. पण डासांना कुणी आणलं नव्हतं, ते कुठेच गेले नव्हते.

मी हे सगळं सांगत होते आणि बाई डोळे बारीक करून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी टँकर यायच्या आत घासलं तर?"

"तर बरंच काही टळेल."

"आन पानी कुटलं घासायला?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. टँकरची वाट बघणाऱ्या आळीत रांजण धुवायला पाणी कोण देणार? मग तीच उठली, परड्यातून पाटीभर नदीची वाळू घेऊन आली आणि नारळाची शेंडी शोधायला लागली. कोरडंच घासायचं, वाळूने. निघालेली भुकटी मोरीत टाकायची नाही, कारण तिथे ओल मिळाली की अंडी पुन्हा जिवंत. ती चुलीत घालायची, हे मी सांगितलं.

तिने रांजणात हात घालायच्या आधी आबांकडे बघितलं. रांजण त्यांच्या बायकोचा होता. आबा काठी घेऊन शेळ्यांकडे निघून गेले. मग ती कंबरेपर्यंत रांजणात वाकली आणि आतून वाळू घासल्याचा खर्र खर्र आवाज यायला लागला. मध्येच आतूनच ओरडली, "सासूबाई, माफी करा वो!" आणि हसली. ते हसणं रांजणात घुमून आलं आणि मलाही हसू आवरेना.

आळीतल्या बायकांना तिने काय सांगितलं मला माहीत नाही. लपवालपवीचा विचार तिने सोडून दिला होता, एवढं दिसलं. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत घरोघर खर्र खर्र चाललं होतं आणि चुलीत मातीची भुकटी जळत होती. दोघी-तिघींनी मात्र ठाम नकार दिला. एकीने तर मला सुनावलं, की तुमच्या घरी फ्रीज आहे, तुमचं काय जातं? टँकर आल्यावर घासलेल्या रांजणांच्या तोंडाला जुन्या धोतराचं पातळ कापड घट्ट बांधलं गेलं.

आणि मग बाईने एक गोष्ट केली, जी मी तिच्या जागी केली नसती. तिने विहीणबाईंना फोन लावून सरळ सांगितलं. "आमच्या रांजनात डास हुते. आता घासलाय. तुमच्या डोळ्यानं बगून जा, मग ठरवा."

विहीणबाई खरंच आल्या. एसटीने, भर उन्हात, काठापदराचं लुगडं नेसून. बाईने मला आधी कळवलं होतं, त्यामुळे मी बरणी घेऊन हजर. विहीणबाईंनी पाणी घेतलं नाही. आधी रांजणाजवळ गेल्या, कापड सोडायला लावलं, मोबाईलची बॅटरी मारून आत बघितलं. मग बोट आतल्या भिंतीवरून फिरवून ते उजेडात धरून बघितलं. सुनेच्या घरी ओट्यावरून बोट फिरवावं तसं. बाई दाराशी उभी होती. मीसुद्धा, परीक्षेला बसल्यासारखी.

"आन हे काय?" त्यांनी माझ्या बरणीकडे बघून विचारलं.

"यातून डेंग्यूचा डास होतो. असे होते इथे."

त्यांनी बरणी डोळ्यांजवळ नेली. अळ्या खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली गेल्या. विहीणबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"असलं तर आमच्या हौदात बी हाय," त्या म्हणाल्या. "लई हाय. म्या म्हनायची, पानी जितं हाय."

माझ्या मनात आलं, की त्यांची सून आत्ता, या घडीला, त्या हौदाशेजारी बसून काहीतरी निवडत असेल. बाईच्याही मनात तेच आलं असणार, तिचा हात छातीवर गेला होता. पण ती वचावचा बोलली नाही. तिने पाटीत उरलेली वाळू एका पिशवीत भरली, वर नारळाची शेंडी ठेवली आणि विहिणीच्या हातात दिली.

"बगते," एवढंच म्हणून विहीणबाई निघाल्या. जाताना मात्र पाणी मागून प्याल्या.

त्या 'बगते'वर बाईने पुढचे दिवस कसे काढले ते मी बघितलं. मी दर दोन दिवसांनी रांजण तपासायला जायची आणि ती रांजणाचं विचारायचीच नाही. "फोन न्हाई आला," हे पहिलं वाक्य. मला राग यायचा. विहिणीचा, फोनचा, आणि उत्तर सापडूनही काही हातात नसल्याचा.

एके दिवशी गेले तर ओसरीत भरल्या दिवसांची पोरगी पाय पसरून बसलेली. विहीणबाईंनी स्वतः आणून सोडली होती. बाई घरात इकडून तिकडे उगाच धावत होती. डिंक, खारीक, जुनी मऊ लुगडी, सगळं एकाच वेळी बाहेर काढलेलं. मला बघून म्हणाली, "तुमी बसा म्याडम, मला टाइम न्हाई," आणि पुन्हा आत गेली.

त्या उन्हाळ्यात वरच्या आळीत डेंग्यू निघाला नाही. खालच्या गावात दोघांना झाला. माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं, की एका उन्हाळ्यावरून काहीही सिद्ध होत नाही, आणि ते बरोबर आहे. मी पुढच्या वर्षीही भुकटी गोळा केली, त्याच्या पुढच्याही. बरण्या तितकी वर्षं खिडकीतच राहिल्या. पण मला विचाराल तर माझ्यापुरतं जे काही सिद्ध व्हायचं ते ओसरीत लेक दिसली त्या दुपारीच झालं.

लेकीने पाणी मागितलं. बाईने रांजणाचं कापड सोडलं, तांब्या भरला, परत कापड घट्ट बांधलं आणि मग तांब्या तिच्या हातात दिला. लेक दोन घोट प्याली आणि थांबली. तोंड वाकडं करून म्हणाली, "आई, पानी पैल्यासारकं गार न्हाई गं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. खरंच घासल्याने तसं होतं का, हे मोजायला हवं, असं त्या क्षणीही माझ्या डोक्यात येऊन गेलंच.

बाई लेकीसमोर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला तिच्याकडे बघवेना.

"न्हाई पडत आता गार," ती म्हणाली. "पी."